पुस्तकात न आलेली साठ वर्षं : निकोलस ब्लॅक एल्क

आजचे वाचन : संत लूक ९:२३-२६

प्रभूच्या मागे जायचं असेल तर स्वतःला नाकारायचं, क्रूस उचलायचा आणि चालू लागायचं, ही शिकवण मत्तयनेही नोंदवली आहे आणि मार्कनेही. पण तिन्ही शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाचा. लूकने त्यात एक शब्द जास्तीचा ठेवलाय. तो शब्द म्हणजे 'दररोज'. क्रूस एकदा उचलून भागत नाही, रोज सकाळी तो पुन्हा उचलावा लागतो.

आपल्याला साक्ष ऐकायला आवडते ती बहुधा एका दिवसाची. अमुक दिवशी प्रभूने हाक मारली, अमुक दिवशी बाप्तिस्मा झाला, टाळ्या. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांबद्दल कोणी फारसं विचारत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही तसंच आहे. नवीन प्रॉडक्ट लाँच झालं की केक कापला जातो. पुढे दहा वर्षं रोज ते चालू ठेवणाऱ्या माणसासाठी कोणी केक आणत नाही.

आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्या आयुष्यात ही गोष्ट अगदी शब्दशः घडली. त्यांच्यावरचं पुस्तक जगभर गेलं, कित्येक भाषांत गेलं. पण ते पुस्तक त्यांच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास थांबतं, आणि माणूस त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं जगला. त्यांचं नाव निकोलस ब्लॅक एल्क.

ब्लॅक एल्क हे अमेरिकेतल्या लकोटा लोकांपैकी, ओग्लाला शाखेचे. लकोटा भाषेत त्यांचं नाव हेहाका सापा, म्हणजे काळा एल्क. एल्क हे आपल्या सांबरासारखं, पण त्याहून मोठं हरीण. जन्म १८६३ च्या सुमाराचा, लिटल पावडर नदीकाठचा. घराणं वैद्यकी करणाऱ्यांचं. आपल्याकडे पाड्यावर भगत असतो ना, आजाऱ्याला औषध देणारा, देवाचं करणारा, लोकांना धीर देणारा, साधारण तशा माणसांचं घर. प्रसिद्ध योद्धा क्रेझी हॉर्स हा त्यांच्या दूरच्या चुलतभावांपैकी.

नऊ वर्षांचा असताना हा मुलगा खूप आजारी पडला. बारा दिवस तो निपचित पडून होता. त्या काळात त्याला एक मोठं दर्शन झालं. ढगांत सहा आजोबा बसलेले, चारी दिशांचे घोडे, लोकांचं एक वर्तुळ, वर्तुळाच्या मधोमध फुलणारं झाड, आणि एकमेकांना छेदून जाणारे दोन रस्ते : एक लाल, चांगुलपणाचा; दुसरा काळा, संकटांचा. हे दोन रस्ते लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहेत. दर्शनाचा अर्थ मुलाला कळला नाही. भीतीने त्याने ते कितीतरी वर्षं कोणाला सांगितलंही नाही.

बाहेर तोवर सगळं कोसळत होतं. १८६८ च्या करारात सरकारने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश लकोटांचा म्हणून मान्य केला होता. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि करार कागदावरच राहिला. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा आणि त्यांच्या मित्रांनी जनरल कस्टरच्या तुकडीचा पाडाव केला. ब्लॅक एल्क तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचे, आणि त्या रणात होते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रेझी हॉर्स कैदेत मारला गेला. ज्या रानगव्यांवर, बायसनवर, या लोकांचं अन्न, तंबू, कपडे सगळं उभं होतं, त्यांचे कळप काही वर्षांत संपवले गेले. लोक राखीव वसाहतींत आले, सरकारी रेशनवर जगू लागले. १८८३ मध्ये सरकारने नियम काढून सूर्यनृत्यासारखे विधी आणि भगतांचे उपचार गुन्हा ठरवले. म्हणजे ब्लॅक एल्क ऐन तारुण्यात ज्या कामाला लागले, ते काम कायद्याने बंद होतं.

१८८६ मध्ये ते बफेलो बिलच्या तमाशात, म्हणजे घोडे-बंदुकांच्या त्या फिरत्या खेळात, सामील झाले. गोऱ्या माणसाकडे असं काय आहे ज्याने तो एवढा ताकदवान झाला, हे त्यांना बघायचं होतं. न्यूयॉर्क झालं, १८८७ मध्ये इंग्लंड झालं, व्हिक्टोरिया राणीपुढे खेळ झाला. मँचेस्टरमध्ये ते आणि काही सोबती बोट चुकले आणि मागे राहिले. मग दुसऱ्या एका खेळाबरोबर युरोपात भटकंती, पॅरिसमध्ये आजारपण, आणि अखेर १८८९ मध्ये घर.

परत आल्यावर त्यांनी लकोटा भाषेतल्या एका ख्रिस्ती वृत्तपत्राला पत्र लिहिलं. गोऱ्या लोकांच्या पुष्कळ चालीरीती पाहिल्या, पण समजून घ्यावीशी वाटली ती एकच गोष्ट, त्यांची देवावरची श्रद्धा, असा त्या पत्राचा आशय. त्यात त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायाचा, प्रीतीच्या अध्यायाचा, आधार घेतला होता. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पंधरा वर्षं आधी वचन त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. बी पडलं होतं, उगवायला वेळ होता.

२९ डिसेंबर १८९०. वुंडेड नी ओढ्याकाठी सैन्याने लकोटांची शस्त्रं काढून घेताना गोळीबार सुरू केला. दीडशेहून अधिक माणसं मेली, त्यांत बायका आणि तान्ही मुलं होती. ब्लॅक एल्क आवाज ऐकून घोड्यावरून धावले आणि त्यांनी ते प्रेतांनी भरलेलं ओहोळ पाहिलं. दुसऱ्या दिवशीच्या चकमकीत गोळीने त्यांचं पोट फाटलं. एका वृद्धाने ते घोंगडीने बांधलं म्हणून जीव वाचला. ही चकमक झाली ती पाईन रिज वसाहतीतल्या होली रोझरी मिशनच्या परिसरात. चौदा वर्षांनी त्याच मिशनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा होणार होता.

जगप्रसिद्ध पुस्तक इथे संपतं. प्रेतं, बर्फ आणि तुटलेलं वर्तुळ. आपण इथून पुढे जाऊया.

१८९२ मध्ये त्यांचं लग्न झालं, केटी वॉर बॉनेट यांच्याशी. केटी ख्रिस्ती झाल्या, मुलांचेही बाप्तिस्मे झाले. नवरा मात्र आपली वैद्यकी करत राहिला. १९०३ मध्ये केटी वारल्या. घरात लहान मुलं.

त्यानंतरच्या वर्षी काय घडलं ते त्यांची मुलगी लूसी हिने पुढे सांगून ठेवलंय. एक मुलगा मरणाच्या दारात होता. ब्लॅक एल्क तंबूत ढोल वाजवत, गात, उपचार करत होते. तेवढ्यात फादर जोसेफ लिंडेबनर आले. याच मुलाला मिशनमध्ये बाप्तिस्मा मिळालेला होता. फादरांनी ढोल आणि खुळखुळा बाहेर फेकला, ब्लॅक एल्कना मानेला धरून तंबूबाहेर काढलं आणि मुलासाठी संस्कार केले. बाहेर आले तेव्हा हा दणकट भगत खचलेला, एकटा बसलेला दिसला. फादरांनी त्यांना आपल्याबरोबर मिशनला चलायला सांगितलं. ते गेले. दोन आठवडे शिकवण झाली आणि ६ डिसेंबर १९०४ ला, संत निकोलसच्या सणादिवशी, बाप्तिस्मा झाला. म्हणून नाव निकोलस.

हा प्रसंग वाचून मला आनंदापेक्षा अस्वस्थ जास्त वाटतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचा ढोल फेकणं ही सुवार्ता नव्हे. त्या काळात मिशनच्या निवासी शाळांत लकोटा मुलांची भाषा आणि केस दोन्ही कापले गेले, त्या जखमा अजून भरलेल्या नाहीत. फादर लिंडेबनरांचा आवेश आणि त्यांचं प्रेम दोन्ही खरं असेल. पण ब्लॅक एल्क प्रभूकडे आले ते नुसत्या त्या धक्क्यामुळे, असं मला वाटत नाही. धक्का खाऊन माणूस एक दिवस गप्प बसेल, पुढची पंचवीस वर्षं बर्फातून चालत दुसऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाणार नाही.

आणि ते गेले! १९०७ च्या सुमारास ते कॅटेकिस्ट झाले. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत जुन्या लोकांना ठाऊक असेल, फादर महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, बाकी सगळं गावातल्या मास्तरांवर. पाईन रिजलाही अगदी तीच रीत होती. (तिथलं मिशन जर्मन येशूसंघीयांनी उभारलं होतं, आणि त्याच काळात आपल्या मुंबई-नगरकडेही जर्मन येशूसंघीयच होते.) वसाहत अफाट पसरलेली, धर्मगुरू मोजके. रविवारी फादर नसले की कॅटेकिस्टने घंटा वाजवायची, लोकांना गोळा करायचं, लकोटा भाषेत वाचन करायचं, चार शब्द समजावून सांगायचे, गीतं म्हणायची. आठवडाभर आजाऱ्यांकडे जायचं, मरणाऱ्याजवळ बसायचं, फादर पोहोचले नाहीत तर मयताची प्रार्थना करून माती द्यायची, जन्मलेल्या बाळाची खबर मिशनला कळवायची.

ब्लॅक एल्क यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. लकोटा भाषेत वाचायला ते मोठेपणी शिकले. डोळे अधू होते आणि होत गेले, त्यामुळे वचनं पाठ करून ठेवत. प्रार्थनापुस्तकात देवासाठी शब्द होता तो लकोटांचाच, वाकान तांका. लहानपणी आजोबांकडून ऐकलेला तोच शब्द आता क्रूसाची खूण करताना तोंडी होता.

शिकवायला त्यांच्याकडे एक लांबलचक चित्रपट्टी होती. कॅनडातल्या आदिवासींमध्ये काम करणाऱ्या फादर लाकोंब यांनी पूर्वी तयार केलेल्या चित्रांवरून ती आलेली. तळाशी जगाची निर्मिती, वर चढत चढत मोशे, ख्रिस्तजन्म, क्रूस, प्रेषित, आणि शेवटी स्वर्ग-नरक. खालून वरपर्यंत दोन रस्ते : एक चांगला, एक वाईट. आता विचार करा. नऊ वर्षांच्या मुलाने आजारात दोन रस्ते पाहिले होते. चाळिशी ओलांडलेल्या त्याच माणसासमोर आता ही पट्टी उलगडली जाते, आणि तिच्यावरही दोन रस्ते. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं असेल ते देवाला ठाऊक. पण ती पट्टी घेऊन ते घरोघर फिरले, बोट ठेवून समजावत राहिले.

१९०८ मध्ये वायोमिंगमधल्या विंड रिव्हर वसाहतीत, अरापाहो लोकांकडेही ते सुवार्ता घेऊन गेले. पुरुषांची संत जोसेफ संघटना आणि स्त्रियांची संत मरिया संघटना, त्यांच्या सभा, वर्षातून एकदा उन्हाळ्यात सगळ्या लकोटा ख्रिस्ती लोकांचं मोठं संमेलन : मैदानावर तंबूंचं वर्तुळ, मध्ये वेदी, मिस्सा, गीतं, रात्री उशिरापर्यंत गप्पा. सूर्यनृत्याला बंदी असलेल्या काळात लोकांना एकत्र येण्याची ही एक जागा होती. सुमारे चारशे माणसं त्यांच्यामुळे ख्रिस्तसभेत आली असं सांगितलं जातं. शंभराहून जास्त जणांचे ते धर्मपिता होते. मँडरसन गावात संत अॅग्नेसच्या चॅपेलजवळ त्यांचं घर होतं. दुसरं लग्न झालं, लूसी त्या संसारातली. घरात रोज प्रार्थना, हातात रोझरी, दारात कोणीतरी आलेलं. या वर्षांचं त्या काळी कोणी पुस्तक लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. फक्त रोजचं चाललं होतं.

ऑगस्ट १९३० मध्ये कवी जॉन नाइहार्ट त्यांच्याकडे आले. पुढच्या वर्षी मे महिन्यात बरेच दिवस बसून ब्लॅक एल्क यांनी त्यांना आपलं बालपण, दर्शन, लढाया सगळं सांगितलं. मुलगा बेन दुभाषी होता, नाइहार्टची मुलगी लघुलिपीत टिपून घेत होती. १९३२ मध्ये 'ब्लॅक एल्क स्पीक्स' छापलं गेलं. पुस्तक सुंदर आहे, नाकारू नये. पण त्यात ना बाप्तिस्मा, ना कॅटेकिस्टची वर्षं. शिवाय स्वप्न मेलं असं सांगणारा त्यातला शेवटचा निराश भाग, जो लोकांना तोंडपाठ असतो, तो मूळ टिपणांत नाहीच. तो कवीचा आहे. १९८४ मध्ये टिपणं प्रसिद्ध झाली तेव्हा हे उघड झालं.

पुस्तकावर मिशनचे फादर नाराज झाले. १९३३ च्या अखेरीस ब्लॅक एल्क यांना बैलगाडीसारख्या गाडीखाली सापडून मोठा अपघात झाला, मरणसमयीचे संस्कारही झाले. जानेवारी १९३४ मध्ये त्यांच्या सहीने एक निवेदन निघालं. आशय असा, की लेखकाने जुने दिवस सांगितले आणि नवे दिवस वगळले. गेली तीस वर्षं आपण वेगळं आयुष्य जगलो आहोत. काही अभ्यासक म्हणतात, हे निवेदन फादरांनी घडवून आणलं. कारण त्यानंतर काही उन्हाळे ब्लॅक एल्क रॅपिड सिटीजवळ पर्यटकांपुढे जुने विधी करून दाखवत होते, आणि १९४७-४८ मध्ये जोसेफ ब्राउन या तरुण अभ्यासकाला त्यांनी पवित्र चिलमीचे सात विधी समजावून सांगितले. मग खरा ब्लॅक एल्क कोणता? भगत की कॅटेकिस्ट?

प्रियांनो, हा प्रश्न फक्त अमेरिकेतला नाही. आपल्याकडे पाड्यावरच्या ख्रिस्ती आदिवासीला तो दोन्ही बाजूंनी विचारला जातो. एक जण म्हणतो, तू ख्रिस्ती झालास, आता तू आदिवासी कसला? दुसरा म्हणतो, तू अजून तारपा ऐकून डोलतोस, मग तू ख्रिस्ती कसला? विचारणारे दोघंही आरामात असतात, उत्तर देणाऱ्याला मात्र स्वतःचे दोन तुकडे करायला सांगितलं जातं.

ब्लॅक एल्क यांनी तुकडे केले नाहीत. त्यांनी वाद घालूनही काही सिद्ध केलं नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं काम त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या होतं, ते त्यांनी चालू ठेवलं, आता प्रभूच्या नावाने. वर्तुळात लोकांना एकत्र आणायचं काम दर्शनात सोपवलं गेलं होतं, ते त्यांनी संमेलनाच्या मैदानावर केलं. जुन्या गोष्टी विचारायला कोणी आलं तर प्रेमाने सांगितल्या, कारण त्या त्यांच्या लोकांच्या होत्या. आणि रविवार आला की मिस्सेला गेले. बापाचं नाव काढलं की लूसीला आठवायची ती त्यांची प्रार्थना, पुस्तकाची कीर्ती तिला परकी वाटायची. घरच्या माणसाइतका कडक परीक्षक कोणी नसतो.

अंथरुणाला खिळलेले असताना १९ ऑगस्ट १९५० ला मँडरसनमध्ये त्यांचं निधन झालं. त्या रात्री आकाश विलक्षण उजळलं होतं असं जागरणाला आलेल्यांनी सांगितलं. संत अॅग्नेसच्या दफनभूमीत ते विसावले आहेत. २०१६ मध्ये ब्लॅक हिल्समधल्या सर्वांत उंच शिखराचं जुनं नाव, जे एका सेनापतीचं होतं, काढून त्याला ब्लॅक एल्क यांचं नाव दिलं गेलं. २०१७ मध्ये रॅपिड सिटीच्या धर्मप्रांताने त्यांना संतपद मिळावं यासाठीची प्रक्रिया सुरू केली. आपल्या सगळ्यात प्रसिद्ध दर्शनात आपल्याला त्याच शिखरावर नेलं गेलं होतं असं ते सांगत, आणि म्हातारपणी नाइहार्टबरोबर तिथे चढून जाऊन त्यांनी आपल्या लोकांसाठी प्रार्थनाही केली होती.

संत कोण होतं, कोण नाही, ते ख्रिस्तसभा ठरवील. आजच्या वाचनातून मी एवढंच घेतोय, की देवाकडे आपल्या आयुष्याची वेगळी प्रत आहे. लोक आपली कथा जिथे संपवतात तिथे तो ती संपवत नाही. आपल्यातल्या कोणाची कथा घटस्फोटाच्या पानावर थांबवली गेली असेल, कोणाची नोकरी गेल्याच्या, कोणाची जवळचं माणूस गेल्याच्या पानावर. पुढची पानं रिकामी नाहीत. त्यांवर मोठं काही लिहिलेलं नसेल : सकाळची प्रार्थना, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना दवाखान्यात नेणं, मुलांना झोपताना येशूची एक गोष्ट सांगणं. लूकचा 'दररोज' हा शब्द अशाच पानांवर पाळला जातो.

आज करून बघूया : तुमच्या पॅरिशमध्ये किंवा गावात वर्षानुवर्षं प्रार्थना घेणारे एखादे मास्तर, एखाद्या सिस्टर, एखादी आजी असेल. त्यांना आज फोन करा, नुसतं आभार मानायला.

प्रार्थना : हे प्रभू येशू, ज्या दिवसांची कोणी नोंद ठेवत नाही ते दिवस तुझे आहेत. आम्हाला आमचे लोक, आमची भाषा, आमचं दुःख सगळं घेऊन तुझ्या मागे येऊ दे. आजचा क्रूस आज उचलायला बळ दे, उद्याचा उद्या. आमेन.